आकृती काढा व नावे द्या

महाराष्ट्रात दारूची भट्टी लावणं हा गुन्हा आहे, आणि ती कशी लावतात हे शिकल्याशिवाय विज्ञानात पास होणं कठीण आहे. पाठ्यपुस्तकात ती ‘ऊर्ध्वपातन’ या नावाने सोवळं नेसून बसलेली असते. खाली बर्नर, वर चंबू, चंबूच्या तोंडाला बूच, बुचातून आत उतरलेली तापमापी, बाजूने निघालेली नळी, नळीभोवती थंड पाण्याचा कोट आणि शेवटी थेंब झेलायला एक पात्र. ‘आकृती काढा व नावे द्या.’ पाण्याचा बाण खालून आत आणि वरून बाहेर. उलटा काढला की अर्धा गुण गेला. चंबूत काय? मिठाचं पाणी. एवढी सुंदर यंत्रणा उभारून शेवटी हाती पाणीच यायचं, आणि यातलं दुःख मास्तरही जाणून असायचे. त्याच सुमारास मीठ आणि नवसागर वेगळे करण्याचा प्रयोगही व्हायचा. भट्टी झाली, नवसागर झाला, उरला फक्त गूळ. तो गृहपाठ.

माझ्या आत्याच्या यजमानांनी, म्हणजे आमच्या आतोबांनी, सावंतवाडीकडच्या एका हायस्कुलात ही आकृती आयुष्यभर फळ्यावर काढली. हात इतका बसला होता की चंबू एका फटक्यात, डस्टर न लावता. माणूस कडक निर्व्यसनी. चहासुद्धा पाहुणे आले तरच, आणि तोही पाहुण्यांना वाईट वाटू नये म्हणून. पण भट्टीच्या बाबतीत घरात, गावात आणि त्यांच्या मते तालुक्यात त्यांचाच शब्द अखेरचा. पिणाऱ्यांचं मत या विषयात घेऊच नये, असं त्यांचं म्हणणं. “पिणारा शेवटच्या पात्राकडे बघत बसतो. आकृतीतली बाकी नावं त्याला येतात कुठे?”

आतोबांच्या मते भट्टीत विस्तवाला उगाच मान दिला जातो. पेटवणं कोणालाही जमतं, खरी कसोटी थंड करण्यात. एक ग्रॅम पाणी शून्यापासून शंभर अंशांपर्यंत तापवायला १०० कॅलरी पुरतात. पण त्याची वाफ करायला वर आणखी ५४० लागतात. हा अप्रकट उष्मा. वाफेचं पुन्हा पाणी करायचं तर तेवढाच उष्मा कोणीतरी काढून घ्यायला हवा. मद्यार्काची वाफ यापेक्षा थोडक्यात भागवते, पण तिच्यासोबत पाण्याची वाफही हटकून येतेच. तेव्हा घरी कुकरच्या शिट्टीच्या जागी हातभर तांब्याची नळी बसवून ती बादलीत बुडवणारा उत्साही गृहस्थ थोड्याच वेळात कढत पाण्याची बादली घेऊन बसतो आणि घरभर वास सुटतो. हातभट्टी म्हणूनच ओढ्याकाठी, नाल्याकाठी, खाडीच्या आडोशाला सापडते. भट्टीवाल्याला निसर्गाची आवड असते म्हणून नव्हे, वाहतं पाणी लागतं म्हणून. मात्र पोलीसही त्याच शाळेतून त्याच आकृतीला गुण मिळवून बाहेर पडलेले असतात. तेही ओढ्याच्या कडेकडेने निघतात, आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात ‘रसायन नष्ट’ अशी बातमी येते. गुळाच्या आंबलेल्या पाण्याला एवढ्या आदराने ‘रसायन’ फक्त मराठी वार्ताहरच म्हणतो.

त्यांचा दुसरा मुद्दा ऐकायला बसायची तयारी लागते. मद्यार्क ७८.४ अंशांना उकळतो, पाणी १०० ला. यावरून विद्यार्थ्यांना वाटतं, ७८ ला सगळा मद्यार्क रांगेने बाहेर पडेल आणि मग पाणी निघेल. तसं होत नाही. आंबवलेल्या रसात मद्यार्क आठ-दहा टक्के असेल तर तो रस नव्वदीच्या पुढे जाऊन उकळतो आणि वाफेत दोघेही असतात. फक्त मद्यार्काचा वाटा रसातल्यापेक्षा जास्त. ती वाफ गार करा, पुन्हा उकळा, वाटा आणखी वाढेल. असं कितीही वेळा करा, वजनाने ९५.६ टक्क्यांच्या पुढे साध्या ऊर्ध्वपातनाने जाता येत नाही. तिथे दोघे एकजीव होऊन उकळतात. निकालाच्या दिवशी सत्त्याण्णव टक्क्यांवर रडणारी मुलं आणि त्यांच्याहून मोठ्याने रडणारे पालक आले की आतोबा हा आकडा सांगायचे. पालकांना त्यातून काय बोध होत असे कोण जाणे, पण ते उठून जायचे.

आता कायद्याकडे. मुंबई दारूबंदी अधिनियम १९४९ सालचा. आता नावात मुंबईच्या जागी महाराष्ट्र आहे, दारूबंदी मात्र जागच्या जागी. दारू पिण्याचा परवाना मिळतो, तो आरोग्य राखण्यासाठी. एका दिवसाचा मिळतो, वर्षाचा मिळतो आणि आजन्म मिळतो, म्हणजे एका दिवसापुरतंही आरोग्य राखता येतं. परवाना घेऊन पिता येतं, घरी काढता मात्र येत नाही. कलम ६५ नुसार दारू गाळणं गुन्हा आहेच; त्या हेतूने भट्टी, भांडी, अवजारं जवळ बाळगणं हाही गुन्हा. सगळा भार ‘त्या हेतूने’ या दोन शब्दांवर. नाहीतर प्रत्येक घरात कुकर आहे, गूळ आहे, नळाला लावलेली रबरी नळी आहे. कलमाचा अर्थ आतोबांनी एकदा आत्याला समजावून सांगितला, तेव्हा तिने मांडणीवरचा पाच लिटरचा कुकर काढून माळ्यावर टाकला आणि भात पातेल्यात लावला. “हेतूचा काय सांगूचा,” ती म्हणाली, “आज नाय, उद्या येयत.”

बांद्याच्या पुढे पत्रादेवीचा नाका ओलांडला की हेतू बदलतो. तीच लाल माती, तेच काजू, तोच उकाडा. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून काजू आणला आणि तो पुढे नाका न बघता दोन्हीकडे पसरला. फेब्रुवारी ते मे बोंडू पिकतात. आमच्या बाजूला बी पिळून काढली की बोंडूचं काम बरंचसं संपलं. पोरं मीठ लावून चोखतात, घसा धरला की टाकून देतात, शर्टावर पडलेले डाग आईला सापडतात, उरलेलं गुरं खातात, आणि त्याहून उरलेलं झाडाखाली कुजत वास मारतं. नाक्याच्या पलीकडे त्याच बोंडूची फेणी होते. तिला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि २०१६ मध्ये गोवा सरकारने तिला राज्याचा वारसा ठरवलं. मधे फक्त एक नाका. अलीकडे ज्याच्यावर गुन्हा नोंदतात, त्याच्यावर पलीकडे पर्यटन खातं माहितीपत्रक काढतं.

एका उन्हाळ्यात आतोबा मला गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका भट्टीवर घेऊन गेले. ‘शैक्षणिक सहल’ असं त्यांनी आत्याला सांगितलं होतं. खिशात तापमापी आणि वही.

काजूच्या बागेच्या कडेला झापांचा मांडव. बोंडू झाडावरून तोडायचा नाही, आपणहून पडलेलाच घ्यायचा, हा पहिला नियम. काठीच्या टोकाला खिळा, त्याने टोचून वाकल्याशिवाय गोळा करता येतो. बी वेगळी करून बोंडू कोळंबीत टाकतात. कोळंबी म्हणजे दगडात कोरलेला पसरट हौद. त्यात उतरून पायांनी तुडवायचं. तुडवून झालं की चोथ्याचा ढीग रचून, वेलीने बांधून, वर दगड ठेवतात, ती नुडी. नुडीतून कोणी हात न लावता जो रस ठिबकतो तो नीरो. नीरो आतोबांना देण्यात आला आणि त्यांनी तो घेतला, कारण त्यात अजून रसायनशास्त्र सुरू झालेलं नव्हतं. तुडवलेला रस मातीच्या मोठ्या भांड्यांत दोन-तीन दिवस आंबतो. बाहेरून यीस्ट घालत नाहीत. बोंडूच्या सालीवर आणि हवेत जे काही असतं ते बोलावण्याची वाट न पाहता येतं.

मग भाण. पूर्वी मातीचं असायचं, आता तांब्याचं. तांबं का, हा आतोबांचा आवडता प्रश्न, आणि उत्तर येण्याआधी ते स्वतःच देतात. आंबवताना गंधकाची काही दुर्गंधी संयुगं तयार होतात, ती तांब्याला चिकटतात आणि दारूत उतरत नाहीत. स्टीलच्या भांड्यात ती तशीच पुढे जातात आणि गिऱ्हाईक परत येत नाही. भाण चुलीवर. तोंड बंद करून सांध्यांना माती आणि फडकं. तिथून नळी थेट लवणीत, म्हणजे मातीच्या गोल भांड्यात. ते पाण्यात बसवलेलं, वरूनही गार पाण्याची धार चालूच. आजकाल नळीला वेटोळं घालून ती टाकीत बुडवतात, पण त्या मालकाने लवणी सोडलेली नव्हती.

आतोबा लवणीभोवती एक प्रदक्षिणा घालून आले. “तापमापी कुठे आहे?” त्यांनी विचारलं.

मालकाने लवणीवर तळहात ठेवला. “हात लावून बघा, सर.”

“आणि शीतकाचा पाण्याचा प्रवाह? मिनिटाला किती?”

मालकाने पाणी ओतणाऱ्या पोराकडे बोट दाखवलं. पोरगा जागा असेल तेवढा प्रवाह, असं ते गणित होतं. विस्तव किती ठेवायचा ते मालक भाणाच्या आवाजावरून ओळखत होता. आवाज वाढला की लाकूड मागे ओढायचा. आतोबांनी वहीत लिहिलं, ‘ध्वनी’, आणि पुढे प्रश्नचिन्ह. पहिल्या खेपेला जे उतरतं तो हुर्राक. साधारण पंधरा टक्के मद्यार्क, वासाला ताजा बोंडू, फार टिकत नाही, आणि म्हणूनच मार्च-एप्रिलात गोव्यातले लोक लिमका आणि मिठाच्या बाटल्या बाळगून असतात. हुर्राकात पुन्हा नीरो मिसळून दुसऱ्यांदा चढवलं की फेणी. तिची पातळी चाळिशीच्या पुढे जाते. हे मोजायला मालकाकडे कुठलंही उपकरण नव्हतं. त्याने फेणी बाटलीत घेतली, खडखडून हलवली आणि बुडबुडे किती मोठे, किती वेळ टिकतात ते बघितलं. आतोबांनी घरून आणलेली काचेची दारूमापक नळी सोडली. आकडा बघून त्यांचा चेहरा पडला. मालकाचा अंदाज बरोबर होता.

“घेयात मरे, सर. घोटभर,” मालकाने पेला पुढे केला.

“नको. मी शिक्षक आहे.”

मालकाने पेला माझ्याकडे वळवला. मी म्हणालो, “मी विद्यार्थीच आहे.”

परतताना आतोबा बराच वेळ गप्प होते. पत्रादेवीला म्हणाले, “पाण्याचा बाण त्याने वरून खाली काढलाय. अर्धा गुण कापावा लागेल.”

हे यंत्र किती जुनं, यावर विद्वानांचे वाद आहेत. तक्षशिलेच्या उत्खननात जॉन मार्शल यांना मिळालेली मातीची भांडी जोडून ती ऊर्ध्वपातनाची सामग्री म्हणून मांडली गेली. काहींना ते पटतं, काहींना नाही. कनौजचे अत्तरवाले आजही तांब्याची देग, बांबूचा चोंगा आणि पाण्यात बुडवलेला भपका अशीच मांडणी करतात. सांधे मातीनेच लिंपलेले, विस्तव अंदाजानेच. देगेत गुलाब घातला तर मान, गूळ घातला तर मामलेदार.

एक गोष्ट हसण्यावारी नेता येत नाही. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसं गेली. अशा प्रकारांत बहुतेकदा भट्टीचा दोष नसतो. कारखान्यातलं मिथेनॉल स्वस्त मिळतं म्हणून कोणीतरी ते दारूत मिसळतो, किंवा दारू म्हणून तेवढंच विकतो. दिसायला तेच, वासालाही जवळपास तेच. शरीरात त्याचं फॉर्मिक आम्ल होतं, आधी डोळे जातात. मरणारे सगळे गरीब. आतोबा वर्गात हे शिकवताना आवाज खाली आणायचे आणि त्या तासाला आकृती काढायचे नाहीत.

पण ‘पहिल्या धारेची’ म्हणून मिशीला पीळ देणाऱ्यांवर ते तुटून पडायचे. जगभरचे कसबी लोक पहिली धार बाजूला काढतात. त्यात ॲसिटाल्डिहाइड, एथिल ॲसिटेट असे हलके, उग्र पदार्थ जास्त असतात. नेलपॉलिश काढायच्या बाटलीसारखा वास येतो. मधली धार ठेवायची, शेवटची पुन्हा बाजूला, कारण तिच्यात ओल्या पुठ्ठ्याचा वास. कोणाच्या तरी लग्नात एका वऱ्हाड्याने नवरदेवाच्या मामाची ओळख ‘एकदम पहिल्या धारेचा माणूस’ अशी करून दिली. आतोबांनी मामाकडे सहानुभूतीने बघून सांगितलं, “यांना आम्ही ओतून देतो.”

या सगळ्या ज्ञानाला उपयोग मिळाला तो नातवामुळे. नातू ऑकलंडला सॉफ्टवेअरमध्ये आहे. न्यूझीलंडमध्ये १९९६ पासून स्वतःच्या घरी, स्वतःपुरती दारू गाळायला मुभा आहे. विकली तर मात्र गुन्हा. भट्टी तिथे दुकानात मिळते, खोक्यात, पावतीसकट. नातवाने तांब्याची एक छोटी घेतली आणि फोटो कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला. त्यावर पहिल्यांदा कोणीच काही लिहिलं नाही. मग एका काकूंनी ‘छान समई’ असं लिहिलं.

आत्याने फोन हातात घेतला. “आमच्या घराण्यात कोणी भट्टी लावूक नाय रे झिला!”

“आजी, इथे लीगल आहे.”

“लीगल असली म्हणान काय झाला? शेजारी काय म्हणतले?”

“शेजाऱ्यांकडे माझ्यापेक्षा मोठी आहे.”

शेजाऱ्यांकडे मोठी आहे म्हटल्यावर आत्याचा विरोध तिथेच ढिला पडला.

आतोबा मात्र खुर्ची सावरून बसले. निवृत्तीनंतर प्रथमच त्यांना प्रात्यक्षिक मिळत होतं. त्यांनी व्हिडिओवर आधी गॅसची शेगडी बंद करायला लावली. मद्यार्काची वाफ कुठल्या फटीतून सुटली तर ज्वाला तिला शोधून काढते, वीज घे, म्हणाले. सांधे कणकेने लिंपायला लावले. नळाचं पाणी खालून आत, वरून बाहेर. मग प्रश्न आला, आत घालायचं काय? बोंडू पाठवणं शक्यच नव्हतं. त्या देशात विमानतळावर न सांगितलेलं एक सफरचंद पिशवीत निघालं तरी ४०० डॉलर दंड. नातू म्हणाला, “आजोबा, इथे फिजोआ नावाचं फळ आहे. पेरूच्या कुळातलं. मार्च ते मे इतकं पडतं की लोक पिशव्या भरून दाराबाहेर ठेवतात, कोणीही न्या. तोडत नाहीत, पडलेलंच घेतात. वास घरभर. दोन दिवसांत खराब.”

“मूळ कुठलं?”

“दक्षिण ब्राझील.”

आतोबांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, “तुडव.”

नातवाने बाथटबमध्ये तुडवलं. शास्त्रात पाय कुठला, हौद कुठला याला बंधन नाही, असा निर्णय आतोबांनी दिला होता. पुढचे काही दिवस सकाळी आमच्याकडे देवपूजा आणि तिकडे बुडबुडे, दोन्हींची चौकशी एकाच फोनवर व्हायची. पहिली धार नातवाने वेगळी काढली, ती टाकवेना, म्हणून तिने खिडक्यांच्या काचा पुसल्या. आत्याने व्हिडिओवर काचा बघितल्या. सगळ्या प्रकल्पात तिला पटलेलं उत्पादन ते एवढंच. “हेचीच बाटली भरून आण,” म्हणाली.

बोंडूच्या बाबतीत मधल्या काळात आपल्याकडेही हालचाल झाली होती. २०२२ मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने काजूबोंडं आणि मोहाची फुलं यांच्या मद्याला देशी दारूच्या वर्गातून काढून ‘विदेशी मद्य’ या वर्गात घालायचं ठरवलं. प्रतिष्ठा मिळावी म्हणून. मोहाच्या फुलासाठी १८९२ साली इंग्रज सरकारने ठाणे-कुलाब्यात खास कायदा केला, ती गोळा करण्यावर बंधनं घातली. १३० वर्षांनी ते फूल विदेशी झालं. काजूचं निदान कागदोपत्री बरोबर आहे, तो ब्राझीलचाच. मोहाला कुठे पाठवायचं हे मंत्रालयाने सांगितलेलं नाही. आतोबांनी ते कात्रण वहीत चिकटवलं आणि बाजूला लिहिलं, ‘स्थानांतर. पदार्थात बदल नाही. भौतिक बदल.’

नातवाची दुसरी खेप उतरली तेव्हा आमच्याकडे सकाळ होती आणि तिकडे दुपार. आतोबांनी दारूमापक कॅमेऱ्यासमोर धरायला लावला, डोळे बारीक करून रेघ वाचली. बेचाळीस. तापमान किती आहे ते विचारलं, दुरुस्ती केली, एक्केचाळीस लिहिलं. धार मधेच कधी तोडली, पाणी किती गेलं, कणीक कुठे फुटली, भांडं आतून काळं पडलं का, सगळं टिपून घेतलं. वहीचं पान भरलं. नातू पेला हातात धरून थांबला होता.

“आजोबा, चव कशी झाली ते विचारा ना.”

आतोबांनी पेनाचं टोपण लावलं. “ते अभ्यासक्रमात नाही,” म्हणाले, आणि आंघोळीला गेले.